डावा कान, 'अर्ली एससीसी' आणि क्यूएचा एरर: डी०४.२२ की सी४४.२२९?

वाकडची_कोडर

नमस्कार मंडळी. इथे यूएस मेडिकल कोडिंगवाले (अमेरिकन पेशंटच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी आजाराचे आणि उपचाराचे कोड लावणारे) बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी बी.फार्म. करून कोडिंगला आले. आधी रेडिओलॉजी करायचे, दिवाळीनंतर डर्माटॉलॉजीला टाकलं. क्लायंटचे पेशंट बहुतेक ॲरिझोनातले, सत्तरीपुढचे, जन्मभर उन्हात काढलेले. कान, नाक, टक्कल, हाताची मागची बाजू... रोज हेच. सगळ्यांच्या डोक्यावर ती पुढे चोच असलेली टोपी, आणि तिने कान कुठे झाकतात? त्यामुळे कानाचे चार्ट भरपूर येतात.

आता हा चार्ट. (ओळख पटेल असं काहीही लिहीत नाहीये, निर्धास्त राहा.) पहिल्या भेटीत डाव्या हेलिक्सवर (कानाच्या बाहेरच्या कडेवर) ८ मिमीचा खरखरीत लालसर चट्टा, शेव्ह बायोप्सी (वरवर ताशीव काढून तपासणी). पॅथ रिपोर्ट असा: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (एससीसी, कातडीचा एक कॅन्सर) इन सिटू, म्हणजे वरच्या थरातच असलेला, ॲक्टिनिक केराटोसिसमधून (उन्हाने बिघडलेल्या कातडीच्या चट्ट्यातून) उद्भवलेला, नमुना तळाशी कापला गेला आहे, इन्व्हेजन (खालच्या थरात शिरकाव) पूर्णपणे नाकारता येत नाही. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी ४ मिमी मार्जिन (भोवतालची कड) ठेवून एक्सिजन केलं, म्हणजे तो भाग कापून काढला. असेसमेंटमध्ये त्यांनी एवढंच लिहिलंय: 'अर्ली स्टेज एससीसी, लेफ्ट इयर'. एक्सिजनचा रिपोर्ट आला तो 'स्कार, उरलेला ट्यूमर नाही'.

मी दुसऱ्या भेटीला डी०४.२२ (डाव्या कानाच्या कातडीचा इन सिटू) आणि ११६४२ (एक्सिजनचा कोड) लावलं. क्यूएने (आमचे चार्ट तपासणाऱ्यांनी) डायग्नोसिसवर एरर दिला. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी एससीसी लिहिलंय म्हणजे सी४४.२२९ (डाव्या कानाचा इन्व्हेसिव्ह, म्हणजे आत शिरलेला, एससीसी). वर आणखी एक शेरा: '११६४२ हा मॅलिग्नंट (कॅन्सरच्या) लीजनचा कोड, त्याला इन सिटू जुळत नाही, क्लेम डिनाय होईल.' मी रिपोर्ट दाखवला तर उत्तर आलं, 'त्यातच लिहिलंय ना, इन्व्हेजन नाकारता येत नाही.' टीएल (टीम लीडर) म्हणतो, सोड ना, पैसे तेवढेच मिळणार आहेत क्लायंटला.

क्लायंटला मिळतील हो. माझा स्कोर ९५च्या खाली गेला की इन्सेन्टिव्ह जातो त्याचं काय? आणि पैशांचं सोडा, त्या आजोबांच्या रेकॉर्डमध्ये नसलेला कॅन्सर मी का चढवू?

दोन प्रश्न. एक, बरोबर कोण? दोन, दुसऱ्या रिपोर्टमध्ये ट्यूमरच नाही, तर त्या भेटीला डी०४ तरी टिकतो का? रिबटल (एररला लेखी उत्तर) उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

---

ऐरोली_लोकल

ताई, डी०४.२२ बरोबर आहे. पण तुम्ही क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) न टाकता चार्ट पुढे ढकललात, तिथे मी ऑडिटर म्हणून शेरा मारला असता. एरर नाही, शेरा. आता नीट सांगतो.

आधी तो 'अर्ली' बाजूला काढा. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेतल्या आजारांच्या कोडयादीत) कातडीच्या कॅन्सरच्या स्टेजला जागाच नाही. टी१ असो की टी३ (ट्यूमर किती वाढला याच्या पायऱ्या), इन्व्हेसिव्ह एससीसी डाव्या कानावर असेल तर सी४४.२२९च. स्टेज फक्त एकाच ठिकाणी कोड बदलते, ती म्हणजे स्टेज शून्य. इन सिटू असेल तर सी४४ सोडून डी०४, मेलानोमा (रंगपेशींचा कॅन्सर) असेल तर सी४३ सोडून डी०३. डॉक्टर जेव्हा 'अर्ली' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात स्टेज शून्य आहे की स्टेज एक, हे त्या शब्दावरून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही, तुमच्या क्यूएलाही नाही. म्हणून रिपोर्ट बघायचा.

'इन्व्हेजन नाकारता येत नाही' म्हणजे इन्व्हेजन आहे असं नव्हे. आउटपेशंट गाइडलाइन, सेक्शन ४, परिच्छेद एच काढा. प्रोबेबल, सस्पेक्टेड, क्वेश्चनेबल, रूल आउट, कम्पॅटिबल विथ, कन्सिस्टंट विथ, वर्किंग डायग्नोसिस, यातलं काहीही कोड करायचं नाही. त्या भेटीत जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच. खात्रीने काय माहीत आहे? इन सिटू. रिबटलमध्ये हा परिच्छेद चिकटवा, त्याखाली पॅथ रिपोर्टची ओळ. बाकी भाषण नको, क्यूए लोक भाषणाला बधत नाहीत. (मी स्वतः क्यूए आहे.)

आता ११६४२. ही समजूत मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की कुठून तरी एकाच ट्रेनिंगच्या पीपीटीतून पसरली असावी असा मला दाट संशय आहे. सीपीटीच्या (प्रोसिजरच्या कोडयादीच्या) ११६०० ते ११६४६ या मॅलिग्नंट मालिकेत इन सिटूचं एक्सिजनही बसतं, डी०३ आणि डी०४ दोन्ही. ११४०० पासूनची बिनाइन (कॅन्सर नसलेल्या गाठींची) मालिका इन सिटूला लावायची नसते. त्यामुळे 'जुळत नाही म्हणून डायग्नोसिस बदला' हे तर फारच वाईट. प्रोसिजरला शोभेल असा आजार शोधायचा नसतो.

आकाराचं तुम्ही बरोबर धरलंय. ८ मिमी लीजन, दोन्ही बाजूंना ४-४, एकूण १.६ सेमी. कान ११६४० च्या गटात येतो, १.१ ते २.० सेमीला ११६४२. हे माप डॉक्टरांच्या नोटमधलं, कापण्याआधीचं घ्यायचं. पॅथॉलॉजीच्या ग्रॉसमधलं (लॅबमध्ये मोजलेलं) घ्यायचं नाही, फॉर्मलीनमध्ये तुकडा आक्रसतो. इथे कदाचित दोन्हीकडून एकच कोड आला असता, पण दर चार्टला येईलच असं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: टिकतो. बायोप्सीत सिद्ध झालेल्या आजाराच्याच उपचारासाठी ते एक्सिजन होतं. शेव्हमध्येच सगळं निघून गेलं असेल आणि आता नुसता स्कार सापडला, तरी त्या भेटीचं कारण डी०४.२२च राहतं. उलट दुसऱ्या रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह सापडलं असतं तर त्या भेटीला सी४४.२२९ गेला असता, आणि तरीही पहिल्या बायोप्सीचा क्लेम मागे जाऊन बदलायचा नसता.

आणि आता तो शेरा. असेसमेंटमध्ये डॉक्टर 'एससीसी' म्हणतात, रिपोर्ट 'इन सिटू' म्हणतो. उपचार करणारे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या लिहिण्यात विसंगती असेल तर आपण पंच व्हायचं नाही, क्वेरी टाकायची. क्वेरी सरळ ठेवा, 'इन सिटूच आहे ना?' असं तोंडात घास भरवू नका. रिपोर्टचा उतारा द्या आणि पर्याय द्या: एससीसी इन सिटू, इन्व्हेसिव्ह एससीसी, इतर, सांगता येत नाही. ॲडेंडम (नोटला डॉक्टरांनी जोडलेला खुलासा) येऊ द्या.

जाता जाता, सगळ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो, कानाच्या कोडमध्ये नवीन पोरं हमखास इथे पडतात. डी०४.२१ उजवा, डी०४.२२ डावा. डी०३ आणि सी४३ मध्येही तसंच, १ उजवा, २ डावा. पण सी४४ मध्ये सहावा अंक आहे आणि तिथे २ म्हणजे उजवा, ९ म्हणजे डावा, १ म्हणजे बाजू नोंदलेली नाही. सी४४.२१२ उजव्या कानाचा बेसल सेल, सी४४.२१९ डाव्याचा. सी४४.२२२ उजव्याचा स्क्वॅमस, सी४४.२२९ डाव्याचा. डी०४.२२ करून करून हाताला '२ म्हणजे डावा' अशी सवय लागते आणि मग सी४४.२२२ डाव्या कानाला जातो. एनकोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) ओरडत नाही, कारण कोड वैधच असतो.

---

बिलिंगवाला_नागपूर

मी जरा वेगळं बोलतो. कोडरने डॉक्टर व्हायचं नाही. प्रोव्हायडरने एससीसी लिहिलं तर एससीसी. पॅथ रिपोर्ट वाचून डायग्नोसिस ठरवणं आपलं काम नाही, असंच आम्हाला शिकवलं. तुमच्या क्यूएचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही बा.

---

ऐरोली_लोकल

@बिलिंगवाला_नागपूर, भाऊ, तुम्हाला शिकवलं ते इनपेशंटचं. ॲडमिट पेशंटच्या चार्टमध्ये नुसत्या पॅथ रिपोर्टवरून कोड उचलायचा नसतो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते स्वतः लिहायला हवं. आउटपेशंटला नियम वेगळा आहे. पॅथॉलॉजिस्ट हाही फिजिशियनच. त्याने वाचून सही केलेला अंतिम रिपोर्ट कोडिंगच्या वेळी हातात असेल तर त्यातला पक्का डायग्नोसिस कोड करता येतो. हे क्लिनिक आहे, आउटपेशंट.

आणि कोडरने डॉक्टर व्हायचं नाही हे तुमचं शंभर टक्के मान्य. म्हणून तर क्वेरी. सी४४.२२९ लावणाऱ्या क्यूएने मात्र 'अर्ली एससीसी' म्हणजे इन्व्हेसिव्ह, हे स्वतःच ठरवून टाकलं. मग डॉक्टर कोण झालं?

---

मिरजकर_पॅथॉलॉजी

मी कोडर नाही. मिरजेत आयुष्य मायक्रोस्कोपवर गेलं, आता निवृत्त आहे. भाचीने हा धागा पाठवला, म्हणून काचेच्या अलीकडचं थोडं सांगतो.

इन सिटू म्हणजे बिघडलेल्या पेशी एपिडर्मिसच्या (कातडीच्या सर्वांत वरच्या थराच्या) पूर्ण जाडीत पसरलेल्या, पण खालचा बेसमेंट मेंब्रेन (पातळ पडदा) शाबूत. मेंब्रेन ओलांडला की इन्व्हेसिव्ह. ॲक्टिनिक केराटोसिसमध्ये बिघाड बहुधा खालच्या थरांपुरता असतो. तो इन सिटूही नाही, त्याचा तुमचा कोड वेगळा असणार. (ऐरोलीकर सांगतील.) बोवेन्स डिसीज असं लिहिलेलं आलं तर ते इन सिटूच, घाबरू नका.

कानावरची शेव्ह ही आमच्यासाठी डोकेदुखी. हेलिक्सवर कातडी पातळ, तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच, लगेच कूर्चा. डॉक्टर कूर्चेला लागू नये म्हणून वरवर ताशीव काढतात. तुकडा पाकिटात आडवातिडवा येतो, कधी गुंडाळलेला. कापून रंगवून बघितलं तर वर जाड केराटिन, मध्ये भरगच्च बिघडलेल्या पेशी, आणि जिथे मेंब्रेन बघायचा तिथे तुकडा संपलेला. तळच हातात नाही तर खाली काय होतं ते मी कसं सांगू? म्हणून ती ओळ लिहितो. ती ओळ उपचार करणाऱ्या डॉक्टरसाठी असते, की बाबा, वरवर जाळून सोडू नकोस, नीट काढ आणि आम्हाला परत बघू दे. या आजोबांच्या डॉक्टरांनी तेच केलं. तिचा अर्थ 'कॅन्सर आत गेला आहे' असा कुणी लावत असेल तर तो आमच्या लिहिण्यात नाही.

रिपोर्ट वाचताना काही शब्दांवर थांबत जा. 'ॲट लीस्ट इन सिटू' लिहिलं असेल तर सिद्ध झालेलं इन सिटू एवढंच आहे. 'सुपरफिशियली इन्व्हेसिव्ह', 'मायक्रोइन्व्हेसिव्ह', 'अर्ली इन्व्हेजन' लिहिलं असेल तर मेंब्रेन ओलांडलेला आहे, कितीही थोडा असो. 'फॉलिक्युलर एक्स्टेन्शन' म्हणजे पेशी केसाच्या मुळाच्या आवरणातून खाली उतरल्या. खोल दिसतं, पण ते आवरण एपिडर्मिसचंच, मेंब्रेन शाबूत, त्यामुळे इन सिटूच. हे शेवटचं बरेच जण इन्व्हेजन समजतात, अगदी रेसिडेंटसुद्धा.

मेलानोमात त्याहून सोपं. रिपोर्टमध्ये ब्रेस्लो जाडी (ट्यूमर किती खोल गेला ते माप) मिलिमीटरमध्ये दिली असेल, अगदी ०.२ का असेना, तर ते इन्व्हेसिव्ह. इन सिटूला ब्रेस्लो नसतेच. क्लार्क लेव्हल (कातडीच्या कुठल्या थरापर्यंत गेला ते) १ म्हणजे इन सिटू. वयस्कर माणसांच्या कानावर-गालावर दिसणारा लेंटिगो मॅलिग्ना हा इन सिटू, आणि लेंटिगो मॅलिग्ना मेलानोमा हा इन्व्हेसिव्ह. शेवटचा एक शब्द वाचायचा राहिला की सगळं उलटं.

आमच्याकडे हे डावं-उजवं कोडमध्ये कधी नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०मध्ये कानाच्या कातडीच्या इन सिटूला नुसतं डी०४.२, पुढे काही नाही. बाजू रिपोर्टमध्ये शब्दांत. कॅन्सर रजिस्ट्रीवाले मात्र आमच्याकडून दुसरीच गोष्ट मागायचे, मॉर्फॉलॉजी कोडच्या (ट्यूमरच्या प्रकाराच्या कोडच्या) तिरक्या रेषेपुढचा आकडा: २ असेल तर इन सिटू, ३ असेल तर मॅलिग्नंट. ८०७०/२ आणि ८०७०/३ यांत फरक त्या एका आकड्याचा. तुमच्या अमेरिकन रिपोर्टमध्ये तो दिला असेल तर तुमचा वाद तिथेच मिटतो.

---

ऐरोली_लोकल

डॉक्टरसाहेब, हे प्रिंट काढून टीमच्या बोर्डवर लावतोय. फॉलिक्युलर एक्स्टेन्शनवर आमच्याकडे मागच्या महिन्यात जोरदार जुंपली होती.

ॲक्टिनिक केराटोसिस एल५७.०. त्याला बाजू नाही, कान-नाक नाही, सगळीकडे तोच. आणि बायोप्सीच्या दिवशी रिपोर्ट यायच्या आधीच क्लेम पाठवायचा असेल तर डी४९.२, म्हणजे स्वरूप ठरलेलं नाही. डी४८.५ नाही. तो 'अनसर्टन बिहेवियर' पॅथॉलॉजिस्टने बघून 'ठरवता येत नाही' म्हटल्यावरच वापरायचा. डॉक्टरला खात्री नाही म्हणून डी४८.५ लावलेले चार्ट मी रोज परत पाठवतो.

---

पनवेल_फ्रेशर

सर, मध्येच विचारते. नोटमध्ये डॉक्टरांनी 'इयर' एवढंच लिहिलं आणि बाजू फक्त नर्सच्या नोटमध्ये असेल तर डी०४.२० करायचं का? आमचा ट्रेनर म्हणतो नर्सचं धरायचं नाही.

---

ऐरोली_लोकल

ट्रेनरला गाइडलाइनचा लॅटरॅलिटीचा परिच्छेद परत वाचायला सांगा, तो बदलला आहे. प्रोव्हायडरने बाजू लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून बाजू घेता येते. दोन नोंदी एकमेकींशी भांडत असतील तर मात्र डॉक्टरांना विचारायचं. अनस्पेसिफाइड बाजूचा कोड क्वचितच लागायला हवा. इथेही मी आधी पॅथ रिपोर्टवरचं स्पेसिमेन लेबल बघेन, तिथे 'लेफ्ट हेलिक्स' छापलेलं असतंच.

---

वाकडची_कोडर

सगळ्यांचे खूप आभार, डॉक्टरसाहेबांचे विशेष. ती 'नाकारता येत नाही' वाली ओळ कुणासाठी असते हे आम्हाला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही. क्यूएला तेवढा परिच्छेद वाचून दाखवला तर ते गप्प झाले. कबूल नाही केलं, गप्प झाले.

रिबटल दिलं: परिच्छेद एच, रिपोर्टची ओळ, आणि इन सिटूला मॅलिग्नंट मालिका चालते हा मुद्दा. क्वेरीही टाकली, पर्यायांसकट. टीएलने नाक मुरडलं, क्लायंटला क्वेरी जास्त गेल्या की त्यांना आवडत नाही म्हणे. पण टाकू दिली. आज सकाळी ॲडेंडम आलं: 'एससीसी इन सिटू, लेफ्ट हेलिक्स, पूर्ण काढलेला'. डी०४.२२ राहिला, एरर काढला.

आता त्याच आजोबांची पुढची भेट माझ्याच रांगेत येऊन पडली आहे. टाके काढलेत आणि पूर्ण अंगाची तपासणी केली आहे. नवीन काही सापडलं नाही. आता डी०४.२२ परत चालेल का? उपचार संपलेत ना?

---

ऐरोली_लोकल

मस्त. ॲडेंडमची तारीख-वेळ आणि सही आहे ना, तेवढं बघून घ्या.

नाही, आता डी०४ नाही. आजार काढून झाला, त्यावर कुठलाही उपचार चालू नाही, म्हणजे तो इतिहासात गेला. टाके काढण्याला झेड४८.०२. जुन्या आजाराला झेड८६.००७, कातडीच्या इन सिटूचा पूर्वेतिहास. झेड८५.८२८ लावू नका. तो कातडीच्या इन्व्हेसिव्ह कॅन्सरचा, मेलानोमा सोडून. एनकोडरमध्ये 'हिस्टरी स्किन कॅन्सर' टाकलं की तोच आधी वर येतो आणि लोक डोळे झाकून टिचकी मारतात. मेलानोमा इन सिटू असता तर झेड८६.००६.

आणि भेटीची तारीख एक्सिजनपासून दहा दिवसांच्या आत असेल तर टाके काढायचं वेगळं बिल होणार नाही, ११६४२ चा ग्लोबल काळ (नंतरची देखभाल त्याच बिलात धरली जाते तो काळ) १० दिवसांचा आहे. तपासणीचं ई/एम (डॉक्टरांच्या भेटीचा कोड) लावायचंच असेल तर मॉडिफायर २४ (कोडला जोडायची खूण), तेही ती तपासणी त्या कानाशी संबंधित नव्हती असं नोटमध्ये स्पष्ट असेल तरच. तारीख बघा आणि सांगा.

---

वाकडची_कोडर

बाराव्या दिवशी आलेत. सुटले.